फिर्यादीच्याच हाती तिजोरी

सन २०२५ च्या जुलै महिन्यात महाराष्ट्रातील मालवाहतूकदारांनी संप पुकारला, तेव्हा त्यांच्या गाऱ्हाण्यांत अग्रभागी होती ती ई-चलनाची तक्रार. सरकारने बोलणी केली, संप मागे पडला आणि मालाच्या गाड्या पुन्हा रस्त्यावर धावू लागल्या. परंतु संप मिटणे आणि प्रश्न मिटणे या दोन गोष्टी एक नव्हेत. दंडाचा आकडा कमी करा एवढीच वाहतूकदारांची मागणी असती, तर तिचा विचार अर्थखात्याने करावा असे म्हणून आम्ही स्वस्थ बसलो असतो. पण या तक्रारीच्या बुडाशी न्यायाचा एक मूलभूत प्रश्न आहे, आणि तो ट्रकमालकांपुरता नसून ज्याच्या दारात दुचाकी उभी आहे अशा प्रत्येक गृहस्थाचा आहे. तो प्रश्न असा : आरोप करणारा, आरोपाचा पुरावा जपणारा, त्या आरोपावरील तक्रार ऐकणारा आणि शेवटी पैसे घेऊन पावती देणारा, हे चौघेही एकाच खात्याचे असतील, तर त्या व्यवहारास न्याय म्हणावे की वसुली?

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांची वकिली करण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत नाही. सन २०२२ या एकाच वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात नमूद आहे. एखाद्या लढाईत इतकी माणसे पडली असती तर देशभर हाहाकार उडाला असता. तेव्हा लाल दिवा तोडणारा, मद्य पिऊन चाक हाती धरणारा, शाळेसमोरून भरधाव गाडी हाकणारा मनुष्य दयेस पात्र नाही. परंतु ज्या कायद्याचा धाक बसावा अशी आपली इच्छा आहे, त्या कायद्याविषयी आदरही वाटला पाहिजे. आदराशिवाय धाक म्हणजे निव्वळ दहशत, आणि दहशतीतून पळवाटा निघतात, शिस्त निघत नाही.

आता चलन म्हणजे कायद्याच्या दृष्टीने काय, हे पाहू. पुष्कळ सुशिक्षित लोकांचीही अशी समजूत आहे की, भ्रमणध्वनीवर चलनाचा संदेश आला म्हणजे आपण दोषी ठरलो आणि ती रक्कम आपल्या डोक्यावरील सरकारी देणे झाले. ही समजूत चुकीची आहे. चलन हा निकाल नव्हे. तो आरोप आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या कलम २०० अन्वये काही ठरावीक गुन्हे, खटला दाखल होण्यापूर्वी किंवा झाल्यानंतर, राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठरलेली रक्कम भरून आपसांत मिटविता येतात. त्या रकमेस दंड न म्हणता तडजोड शुल्क म्हणणे हेच यथार्थ होय. आणि तडजोड म्हटली की दोन्ही पक्षांची राजीखुशी आली. एका पक्षाने कागदावर आकडा लिहावा आणि दुसऱ्याने निमूटपणे तो भरावा, यास व्यवहारात आपण तडजोड म्हणत नाही. ज्यास आरोप मान्य नाही त्याने न्यायालयासमोर जाऊन आपली बाजू मांडावी, हा मार्ग कायद्याने मोकळा ठेवला आहे.

कायदा मोकळा आहे. वाट मात्र काट्यांनी भरली आहे. भिवंडीच्या एखाद्या व्यापाऱ्याचा टेम्पो गोदामातच उभा आहे, आणि त्याच क्रमांकाची खोटी पाटी लावून दुसरीच गाडी नाशिकच्या रस्त्यावर वेगमर्यादा तोडीत आहे, अशी कल्पना करा. चलन अर्थातच आमच्या व्यापाऱ्याच्या नावाने निघते. छायाचित्र त्याच्या गाडीचे नाही, हे त्यास दिसते. संकेतस्थळावर तक्रारीचा रकाना आहे, तो तो भरतो. पण ती तक्रार वाचणारा अधिकारी पुन्हा त्याच वाहतूक पोलीस खात्यातील. तक्रार फेटाळली तर कोर्ट. आणि कोर्ट म्हटले की वकिलाची फी, धंद्याचा खाडा, तारखांमागून तारखा. आरोप पाचशेचा आणि निर्दोष ठरण्याचा खर्च पाच हजारांचा! मग तो हिशेबी मनुष्य काय करील? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण स्मरून तो पाचशे रुपये भरून मोकळा होईल. सरकारच्या दप्तरी एका गुन्ह्याची भर पडली, खजिन्यात रक्कम जमा झाली आणि खोटी पाटी लावणारा खरा गुन्हेगार मात्र हसत हसत पुढच्या नाक्यावर गेला. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते हेच.

ज्यांस वाटते की कायद्याने नागरिकास संरक्षणच दिलेले नाही, त्यांनी कायदा उघडून पाहावा. अतिवेगाने किंवा धोकादायक रीतीने गाडी चालविल्याच्या आरोपाबाबत, याच अधिनियमाच्या कलम २०९ प्रमाणे, आरोपीस त्या वेळीच खटल्याची ताकीद दिलेली असली पाहिजे, किंवा चौदा दिवसांच्या आत गुन्ह्याचे स्वरूप, वेळ व ठिकाण सांगणारी नोटीस त्यास अथवा गाडीच्या नोंदणीकृत मालकास पाठविलेली असली पाहिजे, किंवा अठ्ठावीस दिवसांत समन्स बजावलेले असले पाहिजे. यांपैकी काहीच झाले नसेल तर त्यास शिक्षा देता येत नाही. मालकाचे नाव-पत्ते वाजवी प्रयत्नांनीही न सापडणे किंवा आरोपीच्याच वर्तनाने नोटीस पोहोचू न शकणे, एवढेच त्यास अपवाद. कलम १८३ सांगते की, गाडी जोरात होती असे एका साक्षीदारास वाटले, एवढ्यावरून शिक्षा होणार नाही. त्याचे ते मत यंत्राच्या मोजणीवर आधारलेले पाहिजे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने यांत्रिक देखरेखीसंबंधी जे नियम केले, त्यांत यंत्र अचूक असल्याचे प्रमाणपत्र, त्या प्रमाणपत्राचे वार्षिक नूतनीकरण, रस्त्यावर आगाऊ इशाऱ्याच्या पाट्या आणि चलनासोबत छायाचित्राचा पुरावा, इतक्या गोष्टी सांगितल्या. शिवाय, ज्या गुन्ह्यास केवळ दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल सहा महिन्यांची मुदत उलटल्यावर न्यायालयाने घेऊ नये, असा फौजदारी कायद्याचा सामान्य दंडक आहे. जुन्या संहितेत तो होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्येही तो कायम आहे. मात्र विलंबाचे कारण पटल्यास किंवा न्यायासाठी अवश्य वाटल्यास न्यायालय तो बाजूस ठेवू शकते.

इतकी संरक्षणे कागदावर असताना ती नागरिकाच्या हाती का लागत नाहीत? आमचे उत्तर असे आहे की, ही संरक्षणे पाळली गेली आहेत की नाहीत हे प्रकरण कोर्टात जाण्यापूर्वी तपासणारा जो मनुष्य मध्ये असावयास पाहिजे, तो मध्ये नाही. त्या मनुष्याचे नाव सरकारी अभियोक्ता.

सरकारी वकील म्हणजे पोलिसांचा वकील, असा आपल्याकडे सर्वत्र समज आहे. तो परकीय अमदानीचा वारसा आहे. त्या काळी कनिष्ठ न्यायालयांत फौजदारी खटले चालविणारा इसम हा बहुधा पोलीस खात्याचाच नोकर असे आणि दंडाधिकारी हा महसूल खात्याचा अंमलदार असे. पकडणारा, खटला चालविणारा आणि शिक्षा सांगणारा, तिघेही एका सत्तेचे हस्तक. ही व्यवस्था मोडावी म्हणून काँग्रेसने आपल्या आरंभीच्या अधिवेशनांपासून आवाज उठविला. स्वराज्य आल्यावर न्याय व अंमलबजावणी ही खाती विभक्त करण्याचे तत्त्व राज्यघटनेच्या ५० व्या अनुच्छेदात लिहिले गेले आणि मुंबई राज्याने १९५१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. न्यायाधीश सुटला, अभियोक्ता मात्र तेथेच राहिला. १९५८ साली विधि आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात अभियोग खाते पोलिसांपासून वेगळे करण्याची शिफारस केली. १९७३ च्या संहितेने पोलीस अधिकाऱ्याने सहायक सरकारी अभियोक्ता होऊ नये असा सामान्य नियम घालून दिला. तरीही आमच्याच महाराष्ट्रात हे अभियोक्ते पोलीस खात्याच्या छत्राखाली राहिले, आणि ते त्या खात्यातून काढून त्यांचा स्वतंत्र संवर्ग करावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयास १९९५ साली महाराष्ट्र सरकारला द्यावा लागला. जी गोष्ट राज्याने आपणहून करावयाची, ती देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाच्या आज्ञेने व्हावी, हे आम्हांस भूषणावह नाही.

हा संवर्ग वेगळा कशासाठी केला? पगारपत्रकाचा मथळा बदलण्यासाठी खास नव्हे. अभियोक्ता हा न्यायालयाचा अधिकारी आहे. कसेही करून शिक्षा मिळविणे हे त्याचे काम नसून खरी हकीकत न्यायालयापुढे ठेवणे हे त्याचे काम आहे, असे आमच्या उच्च व सर्वोच्च न्यायालयांनी वेळोवेळी बजावले आहे. खटला चालविण्यासारखा नाही असे त्यास वाटल्यास, न्यायालयाच्या संमतीने तो काढून घेण्याचा अधिकार कायद्याने त्यालाच दिला आहे. सरकारलाही तो परस्पर वापरता येत नाही, आणि त्याने तो स्वतःच्या बुद्धीने वापरला पाहिजे, दुसऱ्याच्या इशाऱ्यावर नव्हे. नव्या संहितेच्या कलम २० ने अभियोग संचालनालयाची व्यवस्था जिल्ह्यापर्यंत नेली आहे. परंतु तेथेही सात ते दहा वर्षांच्या शिक्षेच्या प्रकरणांत पोलिसांच्या अहवालाची छाननी असा स्पष्ट शब्द आहे, आणि त्याखालच्या प्रकरणांत केवळ देखरेख हा शब्द आहे. म्हणजे मोठ्या आरोपीचे कागद कोणी तरी चाळणीतून काढील. पण ज्या लहान आरोपाशी सामान्य गृहस्थाचा आयुष्यात एकदा तरी संबंध येतो, तो आरोप चाळणीविनाच पुढे जाणार! दरोडेखोरास अभियोक्ता आहे, आणि सिग्नलवर अडकलेल्या शिक्षकास नाही.

उलट, गेल्या काही वर्षांतील सुधारणांनी ही दरी रुंदच केली आहे. मुंबईत २०१६ साली ई-चलन आले. रस्त्यावर हवालदाराच्या मुठीत जाणारे पैसे थांबतील, या अपेक्षेने लोकांनी त्याचे स्वागत केले, आणि ती अपेक्षा बऱ्याच अंशी रास्त होती. १ सप्टेंबर २०१९ पासून केंद्राच्या दुरुस्ती कायद्याने दंड कितीतरी पटींनी वाढले. परवान्याविना गाडी चालविण्याचा पाचशेचा दंड पाच हजारांवर गेला. महाराष्ट्राने काही काळ हात आखडला आणि डिसेंबर २०२१ मध्ये वाढीव दर लागू केले. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूर जिल्ह्यात काटोल येथे चलनांच्या निकालासाठी आभासी न्यायालयाचे उद्घाटन झाले. थकलेल्या चलनांच्या नोटिसा लोकअदालतीतूनही निघू लागल्या. यांतील प्रत्येक गोष्ट सोयीची आहे हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ही सारी सोय कोणती? पैसे भरण्याची! आरोप तपासून घेण्याची सोय यांपैकी कशानेही वाढली नाही. लोकअदालत ही कायद्याप्रमाणे समेटाची जागा आहे, तेथे संमतीवाचून निवाडा होत नाही; आणि आभासी न्यायालयात ज्याने आरोप नाकबूल केला, त्याचे प्रकरण अखेर नेहमीच्या न्यायालयातच जाते.

परदेशांत काय चालते, हेही पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकेतील कित्येक परगण्यांत वाहनचालक सुनावणीपूर्वी स्थानिक अभियोक्त्याची गाठ घेतो, आणि पुष्कळदा मोठ्या आरोपाऐवजी लहान आरोप कबूल करून प्रकरण संपवितो. ही पद्धत आम्हांस अनुकरणीय वाटत नाही. त्यात नागरिकास दाद मागण्यास एक दार मिळते हे खरे. पण त्या दारात गुन्ह्याची घासाघीस होते. शिवाय अभियोक्ता व न्यायालय ही दोन्ही जर नगराच्या तिजोरीकडे डोळे लावून बसली, तर तो दरवाजाही निरुपयोगी होतो. मिसूरी राज्यातील फर्ग्युसन शहराविषयी अमेरिकेच्या न्याय खात्याने मार्च २०१५ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्याने दाखवून दिले की तेथील पोलीस व नगर-न्यायालय यांचे लक्ष सार्वजनिक सुरक्षिततेपेक्षा महसुलाकडे अधिक होते, आणि त्याचा भार विशेषतः कृष्णवर्णीय गरिबांवर पडत होता. इंग्लंडने निराळा मार्ग धरला. १९८५ च्या कायद्याने तेथे पोलिसांपासून स्वतंत्र असे अभियोग खाते निर्माण झाले व पुढील वर्षी ते कामास लागले. किरकोळ वाहतूक-गुन्हे तेथे आजही पोलीस हाताळतात; परंतु आरोपीने आरोप नाकबूल करून झुंज दिली, की प्रकरण सामान्यतः त्या स्वतंत्र खात्याकडे जाते, आणि ते खाते दोन प्रश्न विचारते : पुरावा पुरेसा आहे काय, आणि खटला चालविण्यात लोकहित आहे काय? आमच्या मते हेच दोन प्रश्न महाराष्ट्रातील प्रत्येक वादग्रस्त चलनास विचारले गेले पाहिजेत.

यावर सरकारी कचेऱ्यांतून येणारा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. चलने लाखांनी निघतात, अभियोक्ते आणावयाचे कोठून? उत्तर सोपे आहे. ज्यांस आरोप मान्य आहे त्यांनी पैसे भरावेत. त्यांच्यासाठी अभियोक्ता नको. छाननी फक्त नाकबूल चलनांची करावयाची आहे. दुसरा आक्षेप कायद्याचा : तपास व अभियोग ही स्वतंत्र कामे असून पोलिसांनी दोषारोपपत्रापूर्वी अभियोक्त्याचे मत घेतलेच पाहिजे असे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली म्हटले आहे. आम्हीही तपासात अभियोक्त्याने हात घालावा असे म्हणत नाही. कॅमेऱ्याने छायाचित्र काढले तेथे तपास संपला. त्यापुढे तो कागद न्यायालयात चालविण्याच्या लायकीचा आहे की नाही, हा अभियोगाचाच प्रश्न आहे. आणि चाळणी नसली म्हणजे काय होते, तेही पाहून ठेवा. उत्तर प्रदेश सरकारला २०२३ साली, २०१७ ते २०२१ या पाच वर्षांतील न्यायालयांत तुंबलेली चलने सरसकट रद्द करावी लागली. ज्यांनी प्रामाणिकपणे पैसे भरले ते मूर्ख ठरले, आणि ज्यांनी दुर्लक्ष केले ते शहाणे! कायद्याची याहून मोठी अप्रतिष्ठा कोणती?

म्हणून सरकारापुढे आमच्या मागण्या चार. पहिली, प्रत्येक जिल्ह्यात वाहतूक प्रकरणांसाठी निदान एक सहायक सरकारी अभियोक्ता नेमावा, आणि नाकबूल चलन न्यायालयात जाण्यापूर्वी त्याच्या सहीने जावे. नोटीस मुदतीत गेली नाही, यंत्राचे प्रमाणपत्र नाही, छायाचित्रातील गाडी निराळी आहे, एकाच गुन्ह्याची दोन चलने निघाली आहेत, अशी प्रकरणे त्याने तेथेच थांबवावीत. दुसरी, आठवड्यातून ठरलेल्या वेळी त्याच्या कचेरीत वकिलाशिवाय, साध्या मराठी अर्जाने, नागरिकास आपले म्हणणे मांडता यावे व त्यावर कारणांसह लेखी उत्तर मिळावे. तिसरी, किती चलने निघाली, किती नाकबूल झाली, किती मागे घेतली गेली व किती शाबीत झाली, याचा जिल्हावार हिशेब दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. चौथी, अमुक रक्कम वसूल झाली हे वाहतूक शाखेच्या कर्तबगारीचे माप मानण्याची रीत बंद व्हावी. तिचे माप रस्त्यावर किती माणसे वाचली हे असले पाहिजे.

आता दोन शब्द आमच्या वाचकांस, आणि विशेषतः व्यापारी बंधूंस. चलन आले की कोणा पुढाऱ्याचा किंवा ओळखीच्या फौजदाराचा शोध सुरू करणे, ही आपली जुनी खोड आहे. ओळखीने मिटलेले एक चलन म्हणजे ओळख नसलेल्या दहा जणांवर अन्याय, हे ध्यानात ठेवावे. गुन्हा आपण केला असेल तर त्याच दिवशी पैसे भरावेत. केला नसेल तर निमूटपणे पैसे भरू नयेत, पण गप्पही बसू नये. ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत नोंदवावी, छायाचित्राची प्रत मागावी, चलनावरील कलम, वेळ, ठिकाण व वाहनाचा क्रमांक ताडून पाहावा, आणि प्रत्येक कागदाची पोच जपून ठेवावी. गाडी विकली असेल तर ती विकणाऱ्याने त्याच राज्यात चौदा दिवसांत परिवहन कचेरीस कळविणे कायद्याने अवश्य आहे. हा आळस केला म्हणजे दुसऱ्याच्या बेफिकिरीची चलने आपल्या नावावर येत राहतात. न्यायालयाचे समन्स आले तर ते कोनाड्यात टाकू नये. आणि व्यापारी मंडळांनी आपल्या सभासदांच्या अशा हरकती एकत्र करून जिल्ह्याच्या अभियोग कचेरीकडे लेखी पाठवाव्यात. एकट्याची कुरकुर दप्तरात गडप होते, शंभर जणांचा सप्रमाण अर्ज गडप करणे कोणत्याही अंमलदारास सोपे नसते.

परक्यांच्या राज्यात पोलिसाचा शब्द हाच पुरावा आणि साहेबाची मर्जी हाच निकाल, अशी स्थिती होती, आणि ती घालविण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी तुरुंग पाहिले. त्यांनी स्वराज्य मागितले ते केवळ खुर्चीवरचा मनुष्य बदलावा म्हणून नव्हे; आरोप करणाऱ्याने आरोप सिद्ध करावा, हा साधा न्याय गरिबाच्या दारापर्यंत पोहोचावा म्हणून. पाचशे रुपयांच्या चलनात हा न्याय जो राज्यकारभार देऊ शकत नाही, तो पाच वर्षांच्या कैदेच्या खटल्यात देईल, यावर प्रजेने विश्वास कसा ठेवावा? फिर्याद पोलिसांनी करावी, छाननी अभियोक्त्याने करावी, निकाल न्यायाधीशाने द्यावा आणि पैसा खजिन्यात जावा. ही चार कामे चार हातांत ठेवणे यातच कायद्याचे राज्य आहे. ती एका हातात एकवटू देणे सोयीचे असेल. न्यायाचे खास नाही.